जोड्यांच्या पेढीतून आलेला कार्ब्युरेटर

इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांचा नाद लागला, की ‘एस.यू.’ ही अक्षरं लवकरच कानावर पडतात. एस.यू. म्हणजे स्किनर युनियन. हा कार्ब्युरेटर शोधला तो १९०५ च्या सुमारास जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी. घराणं लंडनच्या ‘लिली अँड स्किनर’ या जोड्यांच्या पेढीचं, आणि सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये भाता चक्क चामड्याचा! पुढे धातूचा पिस्टन आला. १९२६ मध्ये विल्यम मॉरिस यांनी कंपनीच विकत घेतली. आपल्या ॲम्बॅसेडरची जननी मॉरिस ऑक्सफर्ड, तिलाही एस.यू.च होता.

इंजिन जितकी हवा ओढेल तितका पिस्टन वर जातो, आणि त्याची निमुळती सुई तेवढं पेट्रोल सोडते. म्हणूनच माझ्या १०९८ सीसी मॉरिस मायनरला दुसऱ्या गाडीवरचा सव्वा इंची एस.यू. चालला; सुई तेवढी मायनरची घातली. पिस्टन आणि वरचा घुमट मात्र जोडीनेच घ्यावा, ते एकमेकांच्या मापाचे असतात. शिवाय थ्रॉटलचा दांडा हलवून बघायचा. खुळखुळला तर तिथून हवा शिरते, मग कितीही स्क्रू पिळा, आयडलिंग जमत नाही. माझ्याचा खुळखुळत होता. नवा दांडा, नवे बुश घालूनच तो इंजिनावर चढवला. आता सिग्नलला गाडी बंद पडत नाही.