मे सार्टन यांच्या रोजनिशा
बेल्जियममध्ये जन्मलेल्या अमेरिकन कवयित्री व कादंबरीकार मे सार्टन (१९१२–१९९५) यांनी उतारवयात प्रसिद्ध केलेली दैनंदिनीवजा पुस्तके. 'प्लांट ड्रीमिंग डीप' (१९६८) या आठवणींतून आपल्या एकांतवासाचे फार सुखद चित्र उभे राहिले, असे त्यांना वाटले. म्हणून 'जर्नल ऑफ अ सॉलिट्यूड'मध्ये (१९७३) त्यांनी संताप, नैराश्य आणि एकटेपण उघडपणे मांडले. हेच पुस्तक सर्वांत गाजले. 'ॲट सेव्हन्टी'ची (१९८४) सुरुवात सत्तराव्या वाढदिवसाला होते. मेन राज्यातील यॉर्कचे समुद्रकाठचे घर, बाग, पत्रांचा न आटोपणारा ढीग आणि पाहुणे यांनी ती पाने भरली आहेत.

१९८६च्या पक्षाघातानंतरचे लेखन अधिक मोलाचे आहे. 'आफ्टर द स्ट्रोक'मध्ये (१९८८) कविता न सुचण्याचे दुःख आहे, तसाच पिएरो या मांजराच्या पिल्लाचा लळाही. टंकलेखन झेपेना तेव्हा 'एंडगेम'चा (१९९२) मजकूर त्यांनी ध्वनिमुद्रित केला. त्यामुळे वाक्ये सैल झाली, पण थकलेल्या देहाची रोजची कुरबूर इतक्या जवळून क्वचितच ऐकू येते. 'ॲट एटी-टू' ही शेवटची रोजनिशी १९९६मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाली.