मानशीचे पाणी आणि जणाचे पैसे

मी मुळात यांत्रिकी अभियंता. तीस वर्षे पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यात गेली. इतिहासाकडे वळलो तो उशिरा, आणि तोही एका दारापायी. झुवारीकाठच्या, फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या खाजनाची मानस लहानपणापासून बघत होतो. पण ती समजली नोकरी सुटल्यावर. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच लाकडी दारे मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून नदीत जाते. वीज नाही, माणूस नाही. आम्ही कारखान्यात ज्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणायचो, तोच हा.

पण बांध मातीचा. खेकडे त्याला भोके पाडतात, पावसाळ्यात तो खचतो, आणि एकदा खांड पडली की खारे पाणी शिरून शेत काही वर्षे तरी भाताच्या कामाचे राहत नाही. म्हणजे दरवर्षी कुणीतरी चिखल वाहायला हवा, कुणीतरी त्याचे पैसे द्यायला हवेत. ही व्यवस्था म्हणजे गावकारी, पोर्तुगीज कागदांतली कोमुनिदाद. पोर्तुगीजांनी ती निर्माण केली असा एक समज ऐकू येतो, तो चुकीचा. आफोन्सो मेशिया याने 1526 साली तिसवाडीच्या गावांचे रिवाज 'फोराल'मध्ये लिहून घेतले, ते आधीपासून चालत आलेले रिवाज होते. आमचा फोंडा तर त्यांच्याकडे आला अठराव्या शतकात.

हिशेबाची रीत मला फार आवडते. जमीन गावाची, ती पावणी करून ठरावीक मुदतीने कसायला द्यायची. येणाऱ्या पैशांतून आधी सरकारचा फोर, बांध-मानशीची डागडुजी, देवळाचा आणि गावच्या सेवेकऱ्यांचा खर्च. हे सगळे भागून उरेल ते गावकरांत वाटायचे. त्या वाट्याला म्हणतात जण. बांध फुटला तर जण आटला. फायदा आणि देखभाल एकाच वहीत बांधलेली, हे कुणा हुशार माणसाचे काम.

जण आणायला बाबा मला बरोबर न्यायचे. इश्क्रिवांव नाव पुकारी, बाबा सही करीत, आणि येताना आम्ही चहा-भजी खात असू. रक्कम तेवढीच असायची! पण आपले नाव त्या वहीत आहे याचा बाबांना केवढा अभिमान. वयात आल्यावर माझेही नाव चढले.

माझ्या बहिणीचे चढले नाही. जण पुरुषाच्या वंशाने चालतो. बाबांच्या घरात तिला कायद्याने माझ्याइतकाच वाटा, आणि गावच्या जमिनीत शून्य. आमच्या शेजारचा मुंडकार, ज्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या त्या बांधावर चिखल वाहिला, त्याचेही नाव नाही. त्याचे पूर्वज गावचे मूळ वसवणारे नव्हते, एवढेच कारण. गावकारीला 'आमची प्राचीन लोकशाही' म्हणणारे लेख मी वाचतो तेव्हा तो शेजारी आठवतो.

1964 च्या कूळकायद्याने आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला हक्क दिला. हे व्हायलाच हवे होते. मात्र वही तुटली. बांध सांभाळायची जबाबदारी कुळांच्या संघाकडे गेली. इकडे मानशीतल्या मासळीची पावणी चढत गेली, कारण सुंगटांना भातापेक्षा चांगला भाव. ज्याने पावणी घेतली त्याला दार उघडे राहिलेले बरे. जितके खारे पाणी आत, तितकी मासळी. आमच्याकडे एका वर्षी दारे दोरीने बांधून ठेवलेली मी स्वतः पाहिली. दोर सोडायला गेलो तर मलाच विचारणा झाली, की तुम्ही कोण? गावकर, म्हटले. कसता का? नाही. मग गप्प बसलो.

उत्तर नव्हतेच माझ्याकडे. जण मी घेत होतो, बांधावर पाय ठेवला नव्हता.

तेव्हापासून मी गावच्या जुन्या वह्या वाचायला लागलो. त्यांत गावकरांची नावे बापाच्या नावासकट, वांगडावार, सुवाच्य अक्षरात. बांधाच्या कामाची नोंद एका ओळीत येते: इतकी माणसे, इतके दिवस, इतके पैसे. नावे नाहीत. ती आता म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढतो आहे. पहिला गेलो तो त्या शेजाऱ्याकडेच. त्याने आधी आपल्या आजीचे नाव सांगितले. चिखलाच्या पाट्या बायकाच जास्त वाहत, म्हणाला. आतापर्यंत 17 नावे झाली, त्यांतली 11 बायकांची.