कुंपणावरची शतावरी



परवा सूनबाई म्हणाली, "मम्मी, बागेत अ‍ॅस्परॅगस लावू या का?" मी म्हटले, "अगं, त्याची चुलत बहीण आपल्या कुंपणावरच आहे!"

शहापूर-मुरबाडच्या रानातली ही काटेरी वेल, शतावरी. पहिल्या पावसानंतर ठाकूर-कातकरी बायका तिचे कोवळे कोंब रानभाजीसाठी खुडतात. आयुर्वेदात तिची मुळे बाळंतिणीला दूध यावे म्हणून देतात. १७९९ साली जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ विल्डेनोव्ह यांनी तिला 'अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस' हे नाव दिले.

आपल्याकडे तिची नोंद त्याच्या किती आधीची! बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी राजा कुमारपाळासाठी 'योगशास्त्र' रचले. त्यातल्या अनंतकायांच्या यादीत शतावरी नावानिशी आहे, आणि सगळे कोवळे कोंबही आहेत. म्हणजे मूळ नाही, कोंबही नाही. मुळांचा झुबका खणून काढला की वेलच जाते, हे बागेत काम करणारीला वेगळे सांगायला नको.

माझ्या पहिल्या बाळंतपणात दूध कमी पडले. शेजारच्या काकूंनी शतावरी आणून दिली. सासूबाईंनी ती परत पाठवली आणि मेथी-अळिवाचे लाडू केले. बाळ रात्रभर रडे, आणि मला सासूबाईंचा फार राग येई.

आता सूनबाईला सातवा महिना आहे. नियम काय आणि का, ते मी तिला सांगितले. पुढचे तिने डॉक्टरांना आणि साध्वीजींना विचारून स्वतः ठरवावे. मी राग धरणार नाही.

वेलीला पाणी मात्र मीच घालते.