निवृत्तीनंतर उभी राहिलेली प्रयोगशाळा

पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नावांतल्या साम्यामुळे अनेकांना दोन्ही एकाच माणसाची स्मारके वाटतात. रस्ता ‘सुधारक’कार आगरकरांच्या नावाचा आहे, संस्था शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या. पहिले नाव शाळेच्या पुस्तकातून घरोघरी पोहोचले. दुसरे वनस्पतिशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारसे गेलेच नाही, आणि ही उणीव मोठी आहे. कारण मराठी मुलखात मूलभूत विज्ञानाचे घर बांधावे, ही जिद्द या प्राध्यापकाने धरली ती नोकरी संपल्यावर.

जन्म मालवणचा, १८ नोव्हेंबर १८८४चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून आघारकर तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. त्या काळी प्राणी आणि वनस्पती अशी अभ्यासाची वाटणी आजच्याइतकी पक्की नव्हती. सुट्टी लागली की सह्याद्री गाठायचा आणि समोर येईल ते पाहायचे, गोळा करायचे, हा त्यांचा शिरस्ता. या भटकंतीतच त्यांच्या हाती एक नवल लागले.

कोयना आणि वेण्णा या कृष्णेला मिळणाऱ्या नद्या. उन्हाळ्यात त्यांची धार आटते आणि पाणी डोहांपुरते उरते. अशा डोहांत आघारकरांना जेलीफिश दिसले. जेलीफिश म्हणजे समुद्राचा जीव. मालवणच्या माणसाला तो नवा नव्हता. पण हे होते गोड्या पाण्यातले, समुद्रापासून घाटमाथ्याने तोडलेल्या नदीतले. या जातकुळीतले प्राणी तोवर आफ्रिकेतल्या टांगानिकासारख्या सरोवरांतून आणि नद्यांतून माहीत होते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनन्डेल यांनी १९११ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव दिले ‘लिम्नोक्निडा इंडिका’. आफ्रिका आणि सह्याद्री यांच्यात हे नाते कसे जुळले, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. आघारकरांनी स्वतःही या प्राण्यावर पुढे टिपण लिहिले. कोयनेच्या खोऱ्याचा वरचा भाग नंतर धरणाच्या जलाशयाखाली गेला, त्यामुळे धरणापूर्वीच्या त्या नदीची ही नोंद आता आणखी मोलाची ठरते.

या शोधाने त्यांना कलकत्त्याची वाट दाखवली. तिथे सर आशुतोष मुखर्जी विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय उभारत होते आणि रासबिहारी घोष यांच्या देणगीतून प्राध्यापकपदे निर्माण झाली होती. वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापकपद आघारकरांना मिळाले. १९१४ साली ते पुढच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेले आणि महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन शत्रूच्या राजधानीत अडकला. पदार्थविज्ञानाचे देवेंद्रमोहन बोस हेही घोष प्राध्यापक, तेही त्याच सापळ्यात. दोघांनी ती वर्षे वाया जाऊ दिली नाहीत; १९१९ साली दोघेही डॉक्टरेट मिळवून मोकळे झाले. आघारकरांचा विषय होता वायव्य भारतातील रुक्ष आणि खाऱ्या जमिनीवरच्या वनस्पती: त्यांची बीजे कशी पसरतात, त्या मुळात आल्या कुठून. बर्लिनमध्ये बसून राजस्थान-सिंधकडच्या झुडपांची वंशावळ मांडणारा हा मालवणी माणूस मोठ्या चिकाटीचा होता.

पुढची सव्वीस वर्षे, १९२० ते १९४६, कलकत्त्यात अध्यापनात गेली. १९३५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेचे, म्हणजे आजच्या ‘इन्सा’चे, ते संस्थापक सदस्य होते. पण माझ्या मते कलकत्त्याने त्यांना दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे एक नमुना. महेंद्रलाल सरकारांनी १८७६ साली लोकांच्या देणग्यांवर ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ काढली होती, आणि सी. व्ही. रामन यांचा १९२८चा प्रकाशाविषयीचा शोध तिथेच लागला. सरकारने दिलेल्या प्रयोगशाळेची वाट न पाहता समाज विज्ञान पोसू शकतो, याचा हा धडधडीत पुरावा होता.

साठी ओलांडल्यावर ते पुण्याला आले. १९४६ साली ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ सुरू झाली, म्हणजेच विज्ञानवर्धिनी. पुणे विद्यापीठ १९४९चे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५०ची. यांतले काहीच तेव्हा नव्हते. आघारकर संस्थेचे मानद संचालक झाले आणि २ सप्टेंबर १९६०ला मृत्यू येईपर्यंत तेच काम करत राहिले. पैशाची चणचण इतकी की, कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी एकदा पत्नीचे मंगळसूत्र विकावे लागले, अशी हकीकत सांगितली जाते. त्या माउलीचे ऋण संस्थेवर आहे, आणि ते आघारकरांच्या ऋणाइतकेच मोठे आहे. निवृत्तीनंतर घरात जो निवांतपणा यायचा, तो या दांपत्याने विज्ञानाला देऊन टाकला.

संस्थेचे आजचे नाव १९९२ साली पडले. नावाच्या पाटीपेक्षा तिथे काय झाले ते बघावे. संस्थेच्या वनस्पतिसंग्रहालयात पश्चिम घाटातील झाडावेलींचे वाळवलेले नमुने जपलेले आहेत. तिथलेच वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांसोबत देवराया धुंडाळत हिंडले. देवाच्या धाकाने न तोडलेल्या त्या रानांत किती वनस्पती तगून आहेत, हे त्यांनी सत्तरच्या दशकात शास्त्रीय पद्धतीने मांडले आणि गावकऱ्यांची जुनी रीत संशोधनाचा विषय झाली. शेतकऱ्यांपर्यंत संस्था पोहोचली ती वाणांमधून: ‘एमएसीएस’ ही संस्थेच्या मूळ इंग्रजी नावाची आद्याक्षरे लावलेले गहू आणि सोयाबीन, आणि रसासाठी चांगले ठरलेले ‘एआरआय-५१६’ हे द्राक्ष. अमेरिकेतील कटावबा आणि ब्युटी सीडलेस या दोन जातींच्या संकरातून ते तयार झाले.