बाहुल्यांच्या खेळातील दोन सोंगाडे

कुंभकोणम म्हटले की मंदिरांची गोपुरे आणि महामहम् तीर्थ डोळ्यांपुढे उभे राहते. कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांमधले हे नगर १६७६ च्या सुमारास तंजावरबरोबर भोसल्यांच्या अमलाखाली आले आणि १७९९ मध्ये मुलूख इंग्रजांच्या हाती जाईपर्यंत त्यांच्याच राज्यात राहिले. या नगराची आणखी एक ओळख आहे, ती लाकडी बाहुल्यांची. इथल्या श्री मुरुगन संगीत बोम्मलाट्ट सभेने हा खेळ जतन केला. बोम्मलाट्टातील बाहुली साडेचार फुटांपर्यंत उंच आणि दहा किलो वजनाची असू शकते. तिच्या दोऱ्या खेळ करणाराच्या डोक्यावरच्या लोखंडी कड्याला बांधलेल्या असतात, आणि हात चालतात ते काठ्यांनी. एवढे ओझे डोक्यावर घेऊन तो नाचतो, तेव्हा कुठे बाहुली नाचते.

खेळाचा आरंभ ठरलेला. प्रथम विनायकाची पूजा, मग कोमाळीचा प्रवेश. कोमाळी म्हणजे विदूषक. कुंभकोणमपासून फार दूर नसलेल्या मेलट्टूर गावी नरसिंहजयंतीच्या सुमारास भागवतमेळ्याची नाटके होतात. तेथेही आधी कोणंगी नावाचा विदूषक येतो आणि मग गणपतीचा मुखवटा घातलेला मुलगा. मराठी रसिकाला यात परके काहीच वाटणार नाही. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी नाटक उभे केले, तेव्हा त्यांनाही गणपती, सरस्वती आणि विदूषक वगळता आले नाहीत; आणि तमाशातला पेंद्या गौळणीत केव्हा येणार, हे तर मागच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असते. ठाऊक असते म्हणूनच तो जागा राहतो.

कुंभकोणमचा कोमाळी एकटा असतो. तमिळनाडूच्या दक्षिणेकडे, मदुरै आणि कन्याकुमारीच्या बाजूला, चामड्याच्या बाहुल्यांचा जो छायाखेळ चालत आला, त्यात मात्र सोंगाड्यांची जोडी आहे. उच्चिक्कुडुंबन आणि उळुवत्तलैयन ही त्यांची नावे. पहिल्याच्या डोक्यावर मधोमध शेंडी, आणि त्यावरूनच त्याचे नाव पडले. हे दोघे भांडतात, एकमेकांना बडवतात, थोरामोठ्यांच्या फजितीवर हसतात, आणि पुढच्या रात्री पुन्हा तेच करतात. रामायणाचा खेळ अनेक रात्री चालतो. हरिश्चंद्र आणि नल्लतंगाळ यांच्या करुण कथाही होतात. पण प्रत्येकीत या जोडीला जागा आहेच.

या खेळाचे मानकरी मंडिकर, कणिकर म्हणून ओळखले जाणारे, नावापुढे ‘राव’ लावणारे आणि घरात मराठी बोलणारे लोक होत. आपले पूर्वज मराठ्यांच्या काळात तंजावरला आले, असे त्यांची परंपरा सांगते. तंजावरचे शहाजीराजे, ज्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ मराठीतील आद्य नाटकांत गणले जाते, ते ग्रंथांतून सर्वांना परिचित आहेत. या बाहुलीवाल्यांची नोंद मात्र मराठी रंगभूमीच्या इतिहासात क्वचितच सापडते. संग्रहालयाला पोथी ठेवता येते. पडद्यामागचा आवाज कोठे ठेवणार?

आता प्रश्न असा की, ठरीव साच्याच्या या विनोदात लोकांना गोडी का वाटावी? विद्वानांचा कल अशा विनोदाला ग्राम्य म्हणून बाजूला सारण्याकडे असतो. पण खेळाची घडण पाहावी. एकच मनुष्य पडद्यामागे बसून सगळ्या पात्रांचे आवाज काढतो, गातो आणि बाहुल्याही चालवतो. त्याला हात दोन. म्हणून एका हातात एक सोंगाड्या आणि दुसऱ्या हातात दुसरा, ही जोडी त्याला सर्वांत सोयीची. छायेत चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, आकृती तेवढी दिसते. म्हणून दोघांची अंगलट आणि दोघांचे आवाज एकमेकांहून वेगळे असावे लागतात. रामाची वाणी परंपरेने बांधलेली. सोंगाड्यांना मात्र त्या दिवशीच्या गावगप्पा बोलण्याची मुभा. म्हणजे नवे जे काही असते, ते या जुन्यापुराण्या जोडीच्याच तोंडून येते. साचा ठरलेला असल्यामुळे बोलणारा मोकळा होतो, ही गोष्ट टीकाकारांच्या सहसा ध्यानात येत नाही.

मारामारीचेही तसेच. चामड्याला जखम होत नाही. फटका डोळ्यांपेक्षा कानांना अधिक कळतो, आणि मार खाणारा लगेच उठून बोलू लागतो. हाच हिशेब इटलीतील दोन नटांनी चित्रपटात मांडला. नेपल्सचा धिप्पाड कार्लो पेदरसोली, म्हणजेच बड स्पेन्सर, हा मुळात जलतरणपटू. शंभर मीटर अंतर एका मिनिटाच्या आत पोहून जाणारा तो पहिला इटालियन. त्याचा जोडीदार सडपातळ, निळ्या डोळ्यांचा मारियो जिरोत्ती, म्हणजे टेरेन्स हिल. १९७० मध्ये एन्झो बार्बोनीच्या ‘दे कॉल मी ट्रिनिटी’ या चित्रपटात दोघांनी बंदुकीच्या धाकाच्या जागी थपडांचा धुमाकूळ आणला, आणि तेथून १९९४ पर्यंत तोच आळशी हुशार आणि तोच चिडका बलदंड पुनःपुन्हा पडद्यावर आले. रक्त जवळजवळ दिसत नाही. ऐकू येतो तो फटक्याचा आवाज. ज्या देशात सोळाव्या शतकापासून अर्लेकिनो आणि ब्रिगेल्ला हे मुखवट्याचे नोकर रंगभूमीवर नांदले, तेथल्या प्रेक्षकांना हे नवे वाटले नसावे.

गंमत अशी की, चित्रपटाच्याच पडद्याने छायाखेळाचा पडदा मागे सारला. मंडिकरांची मुले इतर धंद्यांना लागली. खेळ करणारी घरे थोडी उरली. खेळाची भाषा तमिळ, कारण ऐकणारे तमिळ. पडद्यामागे मात्र घरची मराठी. आंध्रातही चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करणारी मराठीभाषक घराणी आहेत. त्यांच्या सोंगाड्याचे नाव जुट्टु पोलिगाडु. तेलुगूत ‘जुट्टु’ म्हणजे केसांचा झुबका, शेंडी. भाषा बदलली, नाव बदलले, पण त्याच्या डोक्यावरची शेंडी काही कोणी उतरवली नाही.