धोका-क्षेत्रांचे वर्गीकरण (साखर व इथेनॉल उद्योग, बेळगाव–निपाणी परिसर)

कारखान्यात ज्वालाग्राही वायू, बाष्प किंवा धूळ हवेत मिसळून स्फोटक मिश्रण कोठे, किती वेळा आणि किती काळ राहू शकते, हे ठरवून जागेचे विभाग पाडण्याची पद्धत. मिश्रण सतत असते तो झोन 0, नेहमीच्या कामात होण्याजोगे तो झोन 1, बिघाड झाला तरच आणि थोडाच वेळ तो झोन 2. धुळीसाठी याच क्रमाने 20, 21, 22. अथणी-चिकोडी-निपाणीच्या ऊसपट्ट्यात साखर कारखान्याच्या आवारातच डिस्टिलरी असली की बाष्प आणि धूळ दोन्ही एकाच कुंपणात येतात. म्हणून येथे केवळ डिस्टिलरीचा झोन-नकाशा पुरत नाही, आणि एकदा काढलेला नकाशा कायमचाही नसतो.

इथेनॉलचा धोका पेट्रोलच्या अनुभवावरून मोजता येत नाही. बंद टाकीत पेट्रोलचे बाष्प बहुधा इतके दाट असते की पेट घ्यायला हवाच पुरत नाही. इथेनॉलचे बाष्प हवेत सुमारे 3.3 ते 19 टक्के असताना पेटते, आणि साधारण 13 ते 40 अंश सेल्सिअसला टाकीतल्या मोकळ्या जागेत त्याचे प्रमाण याच मर्यादेत राहते. बेळगावचे बहुतेक दिवस या तापमानातच जातात. हे बाष्प हवेपेक्षा जड असते. गळती झाली की ते पंपाच्या खड्ड्यात, केबलच्या चरात उतरते. तिथला साधा स्विचही ठिणगीला पुरेसा.

भारतीय मानक 5572 वायू-बाष्पांपुरते आहे. कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 37 मध्ये मात्र धुळीचाही समावेश होता. साखरेच्या धुळीचा कसला स्फोट, ही शंका नेहमीची. 7 फेब्रुवारी 2008 रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात इंपीरियल शुगरच्या कारखान्यात याच धुळीने 14 कामगारांचा बळी घेतला. सायलोखालच्या कन्व्हेयरला आदल्या वर्षी पत्र्याची झाकणे बसवली होती, धूळ ओढून घेण्याची सोय केली नव्हती. आत धूळ साठली आणि बहुधा तापलेल्या बेअरिंगने ती पेटली. त्या पहिल्या धक्क्याने तुळयांवर, जमिनीवर साचलेली साखर उडाली आणि स्फोटांची मालिका सुरू झाली. यंत्र तेच, माल तोच. झाकणांनी जागेचा वर्ग बदलला होता.

या सगळ्याला खर्च फार येतो हा आक्षेप खरा आहे, पण तो वर्गीकरणाच्याच बाजूने जातो. झोन ठरलेले नसले की एक तर सगळीकडे महागडी फ्लेमप्रूफ (आतली ज्वाला बाहेर पडू न देणारी) उपकरणे लावावी लागतात, नाहीतर जिथे हवीत तिथेच ती राहून जातात. शिवाय हवा खेळती ठेवली, पंपाचे सील बदलले, साखर चाळणाऱ्या ग्रेडरवरची धूळ ओढून घेतली, की झोनच आक्रसतो. मात्र नुसते उपकरण बसवून काम भागत नाही. दुरुस्तीनंतर झाकणाचा एक बोल्ट राहिला किंवा केबलचे ग्लँड उघडे पडले, तर फ्लेमप्रूफ पेटी साधी पेटी होते.