दहा वाजलेत, पोरं कुठे आहेत?

1960च्या दशकात अमेरिकेतल्या काही टीव्ही चॅनेलांवर रात्री एक प्रश्न विचारला जायचा: दहा वाजलेत, तुमची मुलं कुठे आहेत हे ठाऊक आहे का? संशोधकही तेव्हा पालकांना साधारण हेच विचारत होते. उत्तरं बरोबर मिळत होती, त्यांचा अर्थ मात्र घाईनं लावला गेला, असं मला वाटतं.

सुरुवात बॉस्टनची. हार्वर्डच्या शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या जोडप्यानं सुधारगृहातले 500 मुलगे आणि शाळेत जाणारे 500 मुलगे निवडले. 1950मध्ये पुस्तक आलं. आईची देखरेख ढिली, तिथे मुलगा वाया जाण्याची शक्यता जास्त, असं त्यात दिसलं. (देखरेख आईच्याच खाती. हेही ओळखीचंच!) 1984मध्ये ओरेगॉनच्या जेराल्ड पॅटरसन आणि माग्दा स्टाउटहॅमर-लोबर यांनाही तसंच आढळलं. मग सल्ला ठरूनच गेला: पोरांवर लक्ष ठेवा.

2000 साली स्वीडनमध्ये हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी एक साधी गोष्ट पकडली. प्रश्नावल्यांमध्ये 'तुम्हाला मुलाबद्दल काय काय माहीत आहे?' असं विचारलेलं असायचं. ते कळलं कसं, हे विचारायचं राहूनच जायचं. त्यांनी 14 वर्षांची 703 मुलं आणि त्यांचे पालक घेऊन तीन वाटा वेगळ्या केल्या: पालक खोदून विचारतात, पालक नियम घालतात, किंवा मूल आपणहून सांगतं. सगळ्यात जास्त माहिती तिसऱ्या वाटेनं येत होती. म्हणजे जिला आपण आईबाबांची नजर समजत होतो, ते बरंचसं पोरांचं बोलणं होतं. आता हे तुमच्या घरातल्या लोकेशन शेअरिंगला लावून बघा. ठिपका दाखवतो की तुम्ही टेकडीवर आहात. गाडी कोण चालवत होतं आणि मागे किती जण होते, हे तुम्ही सांगाल तेव्हाच कळणार.

पण म्हणून देखरेख फुकाची, असं म्हणायला मी तयार नाही. ग्लूक यांच्या कागदांची खोकी हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात पडून होती. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लाउब यांनी ती बाहेर काढून आकडे नव्यानं मांडले. 1993मध्ये त्यांचं पुस्तक आलं. लहानपणापासून आडदांड असलेल्या मुलांच्या घरी देखरेख आधीच खचलेली दिसली. गरिबीनंही ती खचत होती. दिवसभर राबणारी आई गल्लीच्या तोंडाशी पहारा देत कशी बसणार? हे सगळं जमेला धरूनही देखरेखीचा परिणाम शिल्लक राहिला.

दोन्ही बाजूंचा दोर 2003मध्ये रॉबर्ट लेअर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवला. त्यांनी 14 ते 18 वयाच्या मुलांची दर वर्षी माहिती घेतली. पालकांना कमी माहीत असेल तिथे पुढे मुलांचे उद्योग वाढत, आणि उद्योग वाढले की पालकांना कळणं आणखी कमी होई. मला यातला दुसरा भाग जास्त खरा वाटतो. लपवण्यासारखं काही असलं की 'कुठे होतास?'चं उत्तर 'इथेच' एवढंच येतं, आणि दोन-चारदा तेच ऐकल्यावर विचारणाराही टीव्हीकडे वळतो.